खासगी क्लाउड उभारताना : रिकाम्या रॅकपासून पहिल्या अपग्रेडपर्यंत

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही, एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवण्याचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून केवळ वर्गणीची पद्धत ठेवली. तेव्हापासून ‘आपण स्वतःच ओपनस्टॅक (स्वतःच्या सर्व्हरवर क्लाउड चालवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर) उभारावे काय’ हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या अनेक कार्यालयांत गांभीर्याने विचारला जाऊ लागला आहे. ज्यांनी सर्व्हर, लिनक्स आणि स्विच हाताळलेले आहेत, परंतु संपूर्ण क्लाउड पायापासून उभारण्याची जबाबदारी ज्यांच्यावर प्रथमच आली आहे, अशा अभियंत्यांसाठी हा लेख आहे. मी अशी दोन क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचे समूह, उभारली असून दोन्ही नवी मुंबईतील भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये आहेत. पहिले क्लस्टर उभे राहिले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. वर्षभराने त्याचे अपग्रेड करण्याची वेळ आली, तेव्हा उभारणीच्या वेळी घेतलेला जवळजवळ प्रत्येक सोपा निर्णय आमच्यावर उलटला.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही आराखडा उलट्या टोकाकडून, म्हणजे अपग्रेडकडून, सुरू केला. प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लावली : भर दुपारी, सर्व जण कामात असताना, कोणताही एक सर्व्हर किंवा एक स्विच बंद करता आला पाहिजे आणि कोणाचाही तक्रारीचा फोन येता कामा नये. पुढे मी हिला ‘दुपारची कसोटी’ म्हटले आहे. या लेखातील उदाहरण ओपनस्टॅक, स्टोरेजसाठी सेफ (अनेक सर्व्हरच्या डिस्क मिळून एक साठा करणारे सॉफ्टवेअर) आणि उभारणीसाठी कोला-अन्सिबल (लिहून ठेवलेल्या फाइलनुसार सर्व सर्व्हरवर ओपनस्टॅक बसवणारे साधन) या त्रयीचे आहे. सेफ हे नाव सेफॅलोपॉड, म्हणजे ऑक्टोपसच्या कुळावरून आले आहे. सुरक्षिततेशी त्याचा संबंध जोडून निश्चिंत राहू नये.

आपल्याकडे पंचवीस-तीस व्हर्च्युअल मशीनच (पुढे नुसते ‘मशीन’) असतील, तर हा खटाटोप करू नका. तीन सर्व्हरचे प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारे अधिक साधे सॉफ्टवेअर) क्लस्टर तुमचे काम चोख करील आणि सांभाळायला एक माणूस पुरेल. ओपनस्टॅकचा खर्च तेव्हाच वसूल होतो, जेव्हा अनेक संघांना स्वतःच्या हाताने मशीन, नेटवर्क आणि कोटा हवा असतो.

१. आधी जमवायची कागदपत्रे आणि साधने

सर्व्हर मागवण्यापूर्वी पुढील गोष्टी तयार ठेवा. त्या नंतर करू असे म्हटले, तर त्या कधीच होत नाहीत.

- रॅकचे उभे चित्र : कोणत्या यू-क्रमांकावर (रॅकमधील कप्प्यावर) कोणते यंत्र बसणार.
- पोर्टचा तक्ता : प्रत्येक केबलची दोन्ही टोके, तिचा लेबल क्रमांक आणि लांबी.
- आयपी आणि व्हीलॅन (एकाच स्विचवरील वेगवेगळी आभासी जाळी) यांचा तक्ता, गेटवे व राखीव पत्त्यांसह.
- विजेच्या भाराचा हिशेब, ए आणि बी फीडसाठी (रॅकला येणाऱ्या दोन स्वतंत्र वीज-जोडण्यांसाठी) वेगवेगळा.
- सिरियल क्रमांक, वॉरंटी आणि प्रत्येक यंत्राच्या फर्मवेअरची आवृत्ती यांची यादी.
- डेटा सेंटरचा प्रवेश परवाना, साहित्याचा गेटपास, डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल.
- कॉन्फिगरेशनसाठी गिट रिपॉझिटरी आणि पासवर्डसाठी वेगळी तिजोरी. ही तिजोरी त्याच क्लाउडवर ठेवू नये.
- लेबल प्रिंटर, वेल्क्रो पट्ट्या, जादा ट्रान्सीव्हर आणि सिरियल कन्सोलची केबल.

साहित्याच्या गेटपासकडे विशेष लक्ष द्या. पुण्याहून निघालेला टेम्पो संध्याकाळी डेटा सेंटरच्या दारात उभा आणि गेटपासावर एका सिरियल क्रमांकात चूक, या एका कारणाने आमचा एक पूर्ण दिवस फाटकाबाहेर गेला.

२. क्षमता ठरवताना एक सर्व्हर आधीच वजा करा

समजा, तुम्ही प्रत्येकी ५१२ जीबी मेमरीचे १२ कंप्युट सर्व्हर, म्हणजे ग्राहकांची मशीन चालवणारे सर्व्हर, घेतले. व्यवस्थापनाला दाखवण्याच्या तक्त्यात ६१४४ जीबी हा आकडा येतो आणि तोच सर्वांच्या डोक्यात बसतो. खरा हिशेब असा आहे : एक सर्व्हर कायम रिकामा राहणार, म्हणून उरले ११, प्रत्येकावर ३२ जीबी यजमान प्रणालीसाठी राखून ठेवायचे, म्हणून ४८० जीबी, गुणाकार ५२८० जीबी. वाटण्याजोगी मेमरी एवढीच. रिकामा सर्व्हर ही उधळपट्टी नव्हे. अपग्रेडच्या वेळी एकेका सर्व्हरवरील मशीन हलवण्यासाठी लागणारी ती जागा आहे. पंधरा सोंगट्यांच्या सरकत्या कोड्यात एक खाना रिकामा नसेल, तर एकही सोंगटी सरकत नाही, तसेच हे आहे.

मेमरी प्रत्यक्ष असलेल्यापेक्षा जास्त कधीही वाटू नका. सीपीयूच्या बाबतीत एका थ्रेडमागे चार व्हर्च्युअल सीपीयू या प्रमाणापासून सुरुवात करावी आणि प्रत्यक्ष भार पाहून बदल करावा.

सीपीयूचे मॉडेल हा आणखी एक सापळा आहे. मशीनला यजमानाचा सीपीयू जसाच्या तसा दाखवण्याची सोय असते आणि ती वेगवानही असते. परंतु दोन वर्षांनी नव्या पिढीचे सर्व्हर आले की नव्यावर सुरू झालेले मशीन जुन्यावर लाइव्ह मायग्रेट होत नाही, म्हणजे चालू असतानाच हलवता येत नाही. सर्व सर्व्हरना समान असे एक नेमके सीपीयू मॉडेल पहिल्या दिवसापासून नोव्हाच्या (ओपनस्टॅकच्या मशीन चालवणाऱ्या भागाच्या) कॉन्फिगरेशनमध्ये लिहून ठेवा. जीपीयू किंवा नेटवर्क कार्ड थेट मशीनला जोडून देणार असाल, तर अशा मशीनचा गट वेगळा ठेवा आणि त्यांच्या मालकांना ‘अपग्रेडच्या दिवशी तुमचे मशीन बंद होईल’ हे लेखी कळवा.

कंट्रोल नोड, म्हणजे क्लाउडचा कारभार चालवणारे सर्व्हर, तीन हवेत. डेटाबेससाठी गॅलेरा आणि संदेशांसाठी रॅबिटएमक्यू, दोघेही बहुमतावर चालतात. तिघांपैकी दोन जिवंत असले की काम चालते, दोघांपैकी एक गेला की थांबते. तिन्ही नोड तीन वेगळ्या रॅकमध्ये बसवा.

३. वीज : दोन फीड म्हणजे दुप्पट वीज नव्हे

सिंगल फेज २३० व्होल्ट आणि ३२ अँपिअरचा एक फीड ७.३६ केव्हीए देतो. सततच्या भारासाठी त्याचे ८० टक्के, म्हणजे सुमारे ५.९ केव्हीए धरावे. रॅकला ए आणि बी असे दोन फीड मिळतात, तेव्हा नवखा माणूस दोन्हींची बेरीज करतो. एक फीड बंद पडला की संपूर्ण रॅकचा भार दुसऱ्यावर येतो, म्हणून दोन्ही मिळून भार ५.९ केव्हीएच्या आतच हवा. प्रत्येक सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय खरोखर दोन वेगळ्या फीडवर आहेत याची खात्री केबलचा रंग पाहून नव्हे, तर एकेक पीडीयू (रॅकमधील वीज वाटणारी पट्टी) प्रत्यक्ष बंद करून करावी. आमच्या पहिल्या रॅकमध्ये लाल आणि निळ्या केबल दिसायला सुरेख लावल्या होत्या, फक्त दोन सर्व्हरच्या दोन्ही केबल एकाच पीडीयूवर होत्या.

४. स्टोरेज : टक्केवारीचा खोल सापळा

डिस्क घेताना पॉवर लॉस प्रोटेक्शन (वीज जाताच चालू लिखाण वाचवण्याची सोय) असलेल्या एंटरप्राइज एसएसडीच घ्या. सेफ प्रत्येक लिखाण डिस्कवर पक्के झाल्याची वाट पाहते. साध्या एसएसडी इथे आश्चर्य वाटावे इतक्या मंद होतात. रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक दाखवणारे कार्ड, असेल, तर ते एचबीए पद्धतीने चालवा, म्हणजे प्रत्येक डिस्क सेफला स्वतंत्र दिसेल. प्रत्येक डिस्कच्या ओएसडीसाठी (ती डिस्क सांभाळणाऱ्या सेफच्या प्रक्रियेसाठी) मूळ मेमरी-लक्ष्य ४ जीबी असते. प्रत्यक्षात त्याहून थोडी अधिक राखावी.

आता जागेचा हिशेब. तीन रॅक, प्रत्येकात तीन स्टोरेज सर्व्हर, प्रत्येक सर्व्हरमध्ये ३.८४ टीबीच्या आठ डिस्क. एकूण २७६ टीबी. तीन प्रती ठेवायच्या म्हणून भागिले तीन, म्हणजे ९२ टीबी. इथपर्यंत सर्व जण पोहोचतात आणि ‘सत्तर टक्क्यांपर्यंत भरू’ असे म्हणून थांबतात.

प्रत्येक प्रत वेगळ्या रॅकमध्ये जावी असा नियम तुम्ही लावला असेल, आणि दुपारच्या कसोटीसाठी तो लावावाच, तर एक सर्व्हर कायमचा गेल्यावर त्याचा डेटा त्याच रॅकमधील उरलेल्या दोन सर्व्हरवर जायला हवा, कारण इतर दोन रॅकमध्ये त्याच डेटाची एकेक प्रत आधीच आहे. तीन सर्व्हरवर ७० टक्के भरलेला डेटा दोघांवर बसवायचा, तर १०५ टक्के जागा लागते. तो बसतच नाही. सेफ मूळ मर्यादेनुसार ८५ टक्क्यांना इशारा देते, ९० टक्क्यांना पुनर्भरण थांबवते आणि ९५ टक्क्यांना लिखाणच बंद करते. म्हणजेच या रचनेत सुरक्षित मर्यादा ८५ च्या दोन-तृतीयांश, सुमारे ५६ टक्के. २७६ टीबी विकत घेऊन सुमारे ५१ टीबी देण्याचे वचन देता येते. हा आकडा खरेदीच्या आधी व्यवस्थापनाला सांगितला, तर ती नियोजनाची बाब असते. नंतर सांगितला, तर तो खुलासा ठरतो.

तीन प्रतींऐवजी दोन ठेवण्याचा मोह या टप्प्यावर हमखास होतो. तो टाळा. तीन प्रती आणि किमान दोन असल्याशिवाय लिखाण नाही, ही मूळ मांडणी बदलू नका.

५. नेटवर्कचा आराखडा

दोन-तीन रॅकसाठी प्रत्येक रॅकमध्ये स्विचची एक जोडी आणि त्यांच्यावर एमलॅग (दोन स्विच सर्व्हरला एकच भासवणारी सोय), एवढे पुरेसे आहे. लीफ-स्पाइन रचना (रॅकमधील लीफ स्विच वरच्या स्पाइन स्विचना जोडणे) आणि बीजीपी ईव्हीपीएन (अशी मोठी जाळी चालवण्याची पद्धत) हे विषय वाचायला फार मोहक आहेत. पण रात्री दोन वाजता ते दुरुस्त करू शकणारी किमान दोन माणसे तुमच्याकडे नसतील, तर रॅकची संख्या वाढेपर्यंत थांबावे. नेहमीच्या लीफ स्विचवर २५ गिगाबिटचे ४८ आणि १०० गिगाबिटचे आठ पोर्ट असतात. त्यांपैकी दोन एमलॅगच्या आपसातील जोडणीला गेले, तर वर जायला सहा उरतात. खाली १२००, वर ६०० गिगाबिट, म्हणजे दोनास एक. स्टोरेजची वाहतूक रॅकबाहेर जाणार असल्याने याहून वाईट प्रमाण स्वीकारू नका.

प्रत्येक सर्व्हरच्या दोन तारा दोन वेगळ्या स्विचना जातील आणि त्यांचा एलएसीपी बॉण्ड होईल, म्हणजे दोन तारा मिळून एक जोडणी होईल. एलएसीपीचा वेग ‘फास्ट’ ठेवा. ‘स्लो’मध्ये दर ३० सेकंदांनी संदेश जातो आणि तीन चुकल्यावर, म्हणजे ९० सेकंदांनी, जोडणी मेल्याचे कळते. तार उघडपणे तुटली तर ते लगेच कळते, पण स्विच अर्धमेला झाला तर ही ९० सेकंदे फार लांब वाटतात. नेटवर्कवरून प्रणाली स्थापित करणार असाल, तर स्विचवर एलएसीपी फॉलबॅक सुरू करा, अन्यथा बूट होण्याच्या वेळी सर्व्हर बॉण्डची भाषा बोलत नाही आणि स्विच त्याला दाद देत नाही.

व्हीलॅनची विभागणी मी पुढीलप्रमाणे करतो : बीएमसीसाठी (सर्व्हर दुरून चालू-बंद करणाऱ्या चिपसाठी) पूर्णपणे वेगळा आणि शक्य तर वेगळ्या स्विचवरचा, व्यवस्थापन व अंतर्गत एपीआय, सेफचा ‘सार्वजनिक’ म्हटला जाणारा भाग (कंप्युट सर्व्हर आणि सेफ यांच्यातील वाहतूक), सेफच्या प्रतींची देवाणघेवाण, मशीनच्या आपसातील वाहतुकीचा टनेल, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारा. प्रत्येकाला किमान २५६ पत्त्यांचा उपजाल द्या. ‘आपल्याला वीसच सर्व्हर आहेत’ म्हणून ३२ पत्त्यांचा उपजाल देणाऱ्याला नंतर चालत्या क्लस्टरचे पत्ते बदलावे लागतात, आणि ते काम अपग्रेडपेक्षाही जिकिरीचे आहे.

बाहेरील आयपी शक्य असेल तर आयआरआयएनएनकडून स्वतःच्या नावावर घ्या. ही भारतातील आयपी पत्त्यांची अधिकृत नोंदणी संस्था असून निक्सीच्या (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) अंतर्गत चालते. इंटरनेट पुरवठादाराचे पत्ते वापरले, तर पुरवठादार बदलण्याच्या दिवशी तुमच्या ग्राहकांच्या फायरवॉलमधील नोंदीही बदलाव्या लागतात.

न्यूट्रॉनसाठी (ओपनस्टॅकच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या भागासाठी) ओव्हीएन ही आभासी नेटवर्कची प्रणाली निवडा. जुन्या मार्गदर्शिकांत लिनक्स ब्रिजची पद्धत सोपी म्हणून सुचवलेली आढळते आणि ती खरोखर सोपी होती, पण ओपनस्टॅकच्या २०२५.१ या आवृत्तीत तो ड्रायव्हर काढून टाकण्यात आला आहे. ज्यांनी तो निवडला, त्यांच्यासाठी अपग्रेडचा रस्ता नेटवर्क बदलल्याशिवाय पुढे जात नाही.

ओव्हीएनमध्ये फ्लोटिंग आयपीची (मशीनला जोडता-सोडता येणाऱ्या बाहेरील पत्त्याची) वाहतूक वितरित ठेवली, तर ती थेट कंप्युट सर्व्हरवरून बाहेर पडते, म्हणून बाहेरचा व्हीलॅन प्रत्येक कंप्युट सर्व्हरच्या पोर्टवर हवा. तो एखाद्या पोर्टवर द्यायचा राहिला, तर फ्लोटिंग आयपी काही मशीनवर चालतो आणि काहींवर नाही. आणखी वाईट म्हणजे चालणारे मशीन लाइव्ह मायग्रेट होताच मुके होते.

६. एमटीयू : सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक

एमटीयू म्हणजे नेटवर्कवरील एका पाकिटाची कमाल लांबी. टनेलचे आवरण प्रत्येक पाकिटात काही बाइट खाते. व्हीएक्सलॅन ५० बाइट घेते. ओव्हीएन जिनीव्ह हे आवरण वापरते आणि ते ५८ बाइट घेते. म्हणून खालचे जाळे १५०० बाइटचे असेल, तर आतल्या मशीनला १४४२ मिळतात. ग्राहक आपल्या मशीनमध्ये डॉकर (कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर) चालवतो, डॉकर स्वतःचे जाळे १५०० धरून उभारते आणि मग ‘छोटी पाने उघडतात, मोठी अडकतात’ अशी तक्रार येते. खालच्या जाळ्याचा एमटीयू ९००० ठेवावा, स्विचच्या पोर्टवर ९२१६ द्यावा, आणि मशीनच्या नेटवर्कला सरळ १५०० मिळेल अशी मांडणी करावी. सेफच्या दोन्ही व्हीलॅनवरही ९००० ठेवता येतो.

तपासण्याची रीत अशी : पाकिटाचे तुकडे न करण्याचा पर्याय देऊन ८९७२ बाइटचा पिंग पाठवा. त्यात २० बाइट आयपीचे आणि ८ आयसीएमपीचे मिळवले की ९००० होतात. साधा पिंग काहीही सिद्ध करीत नाही.

आमच्या पहिल्या क्लस्टरमध्ये एका स्टोरेज सर्व्हरच्या दोन पोर्टांपैकी फक्त एकावर १५०० राहून गेला होता. बॉण्ड असल्याने काही जोडण्या चांगल्या पोर्टवरून जात आणि काही वाईट पोर्टवरून. मोठा पिंग आम्ही घेतला होता. तो नेमका चांगल्या बाजूने गेला. त्या सर्व्हरच्या डिस्क सेफमध्ये कधी डाउन, कधी अप दिसत. आम्ही आधी डिस्कवर संशय घेतला, मग केबलवर, मग कर्नलवर, आणि दोन डिस्क तर बदलूनही टाकल्या. म्हणून आता मी बॉण्डची एक तार बंद करून चाचणी घेतो, मग ती सुरू करून दुसरी बंद करून पुन्हा घेतो, आणि हे प्रत्येक सर्व्हरवर करतो. कंटाळवाणे काम आहे. दोन सर्व्हरनंतर ‘बाकी सारखेच असणार’ असे वाटू लागते, तिथेच चूक लपलेली असते.

७. घड्याळ

सेफच्या मॉनिटरमध्ये (क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणाऱ्या प्रक्रियांमध्ये) मुळात ०.०५ सेकंदाचाच फरक खपतो. त्यापुढे इशारा येतो. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, जुळलेली हवीत आणि लॉग १८० दिवस जपायला हवेत. आपले दोन-तीन अंतर्गत वेळ-सर्व्हर त्यांच्याशी जुळवा आणि बाकी सर्व यंत्रे, स्विचसुद्धा, या अंतर्गत सर्व्हरशी जुळवा. लॉगसाठी लागणारी जागा मागच्या हिशेबात धरली आहे का, हे आताच पाहा.

८. उभारणी

कोला-अन्सिबल प्रत्येक सेवा कंटेनरमध्ये (‘प्रतिमा’ नावाच्या तयार साच्यातून सुरू होणाऱ्या स्वतंत्र डब्यात) चालवते आणि तिचा क्रम ठरलेला आहे : सर्व्हरची पूर्वतयारी, पूर्वतपासणी, प्रतिमा खेचणे, उभारणी आणि उभारणीनंतरचे काम. सेफ आधी उभारून त्याची प्रकृती पूर्ण निरोगी दाखवत असेल, तरच ओपनस्टॅकला हात घाला. मार्गदर्शिका उत्तम आहे, म्हणून मी येथे फक्त ती घाईत वाचताना लक्षात न येणाऱ्या गोष्टी सांगतो.

कंटेनरच्या प्रतिमांसाठी स्वतःची स्थानिक रजिस्ट्री (प्रतिमांचे कोठार) ठेवा आणि प्रत्येक प्रतिमेचा टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, गोठवा. इंटरनेटवरून थेट खेचणाऱ्या क्लस्टरमध्ये नवा जोडलेला सर्व्हर जुन्यांपेक्षा वेगळ्या प्रतिमेवर चालू शकतो.

एकाच व्हीलॅनवर दोन क्लस्टर असतील, उदाहरणार्थ एक खरे आणि एक चाचणीचे, तर कीपअलाइव्हडचा (कंट्रोल नोडचा सामाईक व्हर्च्युअल आयपी कोणाकडे राहील हे ठरवणाऱ्या प्रोग्रामचा) व्हर्च्युअल राउटर क्रमांक वेगळा द्या. कोला-अन्सिबलमध्ये तो मुळात ५१ असतो, दोन्हीकडे ५१ राहतो आणि व्हर्च्युअल आयपीचा गोंधळ माजतो. चाचणीच्या क्लस्टरने खऱ्या क्लस्टरची एपीआय अस्थिर केल्याची शरम मी अनुभवली आहे.

अन्सिबलची फाइल, इन्व्हेंटरी (सर्व्हर आणि त्यांचे गट यांची यादी) आणि सर्व बदल गिटमध्ये ठेवा. सर्व्हरवर जाऊन हाताने केलेला ‘छोटासा’ बदल पुढच्या अपग्रेडमध्ये निमूटपणे पुसला जातो, आणि तो कोणी व का केला होता हे तोवर कोणालाच आठवत नसते.

९. ताबा देण्यापूर्वी मोडून पाहा

पहिला ग्राहक येण्याआधीचा आठवडा ही मोडतोडीसाठी मिळणारी एकमेव निर्धास्त संधी आहे. एक कंट्रोल नोड बंद करा. एक स्विच बंद करा. एक डिस्क ओढून काढा. एक पीडीयू बंद करा. या प्रत्येक वेळी एका मशीनवरून अखंड पिंग आणि दुसऱ्यावर सतत लिखाण चालू ठेवा व किती सेकंद खंड पडला याची नोंद करा. ही नोंद पुढे अपग्रेडच्या सूचनेत ग्राहकांना सांगायच्या आकड्यांचा आधार असते.

शेवटी तिन्ही कंट्रोल नोड एकदम बंद करा. वीज संपूर्ण गेली तर गॅलेरा आपोआप उठत नाही. सर्वांत ताजा डेटा कोणाकडे आहे हे ठरवून त्याच्यापासून सुरुवात करावी लागते. कोला-अन्सिबलमध्ये त्यासाठी डेटाबेस पुनर्प्राप्तीची वेगळी आज्ञा आहे. ती प्रथमच वापरण्याचा प्रसंग खऱ्या संकटात येऊ देऊ नका. यूपीएस आणि डीजी सेट आहेत म्हणून ही चाचणी गाळणारे बरेच जण मी पाहिले आहेत.

१०. अपग्रेडची तयारी

ओपनस्टॅकचे रिलीज दर सहा महिन्यांनी येते. मार्च २०२३ च्या २०२३.१ अँटिलोपपासून ‘स्लर्प’ ही सोय आली : वर्षातील पहिल्या रिलीजवरून पुढच्या वर्षीच्या पहिल्या रिलीजवर, मधले गाळून, थेट जाता येते. म्हणजे २०२४.१ कॅराकलवरून २०२५.१ इपॉक्सीवर. लहान संघाने हाच वार्षिक मार्ग धरावा आणि नवे क्लस्टर शेवटी ‘.१’ असलेल्या रिलीजवरच उभारावे. सेफमध्ये एका उडीत जास्तीत जास्त दोन मुख्य आवृत्त्या पुढे जाता येते.

तथापि ओपनस्टॅकला उडी चालते म्हणून तिच्या सोबत्यांना चालते असे नाही. रॅबिटएमक्यूला टप्प्याटप्प्यानेच वर न्यावे लागते. त्यातच २०२४ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीने संदेशांच्या जुन्या आरसा-पद्धतीच्या रांगा काढून टाकल्या, त्यामुळे रांगांचे कोरम (बहुमताच्या) पद्धतीत रूपांतर मुख्य अपग्रेडच्या आधी, वेगळ्या दिवशी, उरकून घ्यावे. यजमान लिनक्सची आवृत्ती नव्या रिलीजला चालते काय, हेही आधी पाहावे. लिनक्स, सेफ, स्विचचे फर्मवेअर आणि ओपनस्टॅक या चार गोष्टी चार वेगळ्या तारखांना करा. एकाच रात्री दोन केल्या, तर बिघाड कशामुळे झाला ते कळणार नाही.

तयारीत या गोष्टी हमखास चुकतात :

- नव्या रिलीजच्या इन्व्हेंटरीत नवे गट असतात. जुनी फाइल तशीच वापरू नका. दोन्ही शेजारी ठेवून जुळवा.
- नव्या सेवांसाठी नवे पासवर्ड लागतात. पासवर्डची फाइल नव्याने बनवायची नसते, जुन्या फाइलमध्ये नवे पासवर्ड मिसळायचे असतात. ती नव्याने बनवली, तर चालू क्लस्टर स्वतःलाच ओळखत नाही.
- अन्सिबलसाठी प्रत्येक रिलीजचे वेगळे पायथन वातावरण ठेवा.
- टीएलएस प्रमाणपत्रांची मुदत अपग्रेडच्या आठवड्यात संपत नाही ना, ते पाहा.
- रिलीज नोट्स दोघांनी स्वतंत्रपणे वाचाव्यात आणि मग आपापल्या खुणा ताडून पाहाव्यात. मधल्या गाळलेल्या रिलीजच्या नोट्सही वाचाव्या लागतात.

हा संपूर्ण प्रयोग आधी चाचणीच्या क्लस्टरवर करा. तीन व्हर्च्युअल मशीनचे छोटे क्लस्टरही पुरते, मात्र त्यात खऱ्या डेटाबेसची प्रत घाला; रिकाम्या डेटाबेसवरचे स्थलांतर नेहमीच यशस्वी होते.

११. अपग्रेडचा दिवस

सुरुवातीला डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे उतरवून उघडून पाहा. डेटाबेसची रचना नव्या रिलीजची झाली की मागे फिरण्याचा अधिकृत मार्ग नसतो. मागे जाणे म्हणजे बॅकअपवरून पुन्हा उभारणी. म्हणून ‘पुढे जावे की थांबावे’ हा निर्णय या टप्प्याच्या आधी घ्यायचा असतो, आणि तो घेणारी व्यक्ती कोण हे आदल्या दिवशी ठरलेले असावे.

ग्राहकांना नेमके काय सांगायचे? चालू मशीन चालूच राहतील. काही वेळ नवे मशीन बनवता येणार नाही, कारण एपीआय मध्येमध्ये बंद राहील. आणि नेटवर्कच्या सेवा पुन्हा सुरू होताना काही सेकंदांचा खंड पडू शकतो. एवढे खरे बोलावे. ‘शून्य खंड’ असे लिहून दिलेली सूचना पुढच्या वेळी कोणी वाचत नाही.

त्यानंतर क्रमाने : नव्या प्रतिमा स्थानिक रजिस्ट्रीतून सर्व सर्व्हरवर आधीच उतरवून ठेवा, पूर्वतपासणी चालवा, नोव्हाची अपग्रेड-तपासणी हिरवी आहे ना पाहा, आणि मग कंट्रोल नोडचे अपग्रेड करा. कंप्युट सर्व्हर एकेक करून घ्या. सर्व्हरवर नवे मशीन येणे बंद करा, असलेली मशीन लाइव्ह मायग्रेट करा, अपग्रेड करा, आवश्यक असल्यास रीबूट करा, एक छोटे चाचणी-मशीन त्यावर उभारून पाहा, मगच तो पुन्हा सेवेत घ्या. मेमरीत सतत लिहिणारी डेटाबेसची मशीन स्थलांतराच्या शेवटी अडकून बसतात. अशा मशीनची यादी आधीच काढून त्यांच्यासाठी ऑटो-कन्व्हर्ज (मशीनचा वेग तात्पुरता कमी करणे) किंवा पोस्ट-कॉपी (मशीन आधी हलवून मेमरी नंतर आणणे) यांपैकी काय वापरायचे ते ठरवा.

स्टोरेज सर्व्हर रीबूट करताना सेफमध्ये ‘नोआउट’ हा झेंडा लावा. तो नसेल, तर मुळात दहा मिनिटांनी सेफ त्या सर्व्हरच्या डिस्क बाद समजून डेटा हलवायला लागते, आणि मोठ्या सर्व्हरचे बूट होणे दहा मिनिटे सहज खाते. सेफचे स्वतःचे अपग्रेड आधी मॉनिटर व मॅनेजर, मग ओएसडी आणि शेवटी गेटवे या क्रमाने चालते. प्रत्येक सर्व्हरनंतर प्रकृती पुन्हा निरोगी होईपर्यंत थांबा. काम संपल्यावर झेंडा काढायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो. तीन आठवड्यांनी एक डिस्क गेली आणि सेफ आज्ञाधारकपणे काहीच न करता बसून राहिले.

१२. अपग्रेडनंतरचा आठवडा

डेटाबेसमधील उरलेली ऑनलाइन स्थलांतरे पूर्ण झाली आहेत याची खात्री करा. ती अर्धवट राहिली, तर पुढच्या वर्षीचे अपग्रेड पूर्वतपासणीतच अडते. दर तासाला एक लहान मशीन, एक व्हॉल्यूम आणि एक फ्लोटिंग आयपी तयार करून, पिंग घेऊन, सर्व पुसून टाकणारी छोटी स्क्रिप्ट नसेल, तर ती आता लिहा. प्रोमिथियस या देखरेखीच्या साधनाचे शंभर आलेख जे सांगत नाहीत, ते ही एक स्क्रिप्ट सांगते. फर्मवेअरची यादी आणि पोर्टचा तक्ता अद्ययावत करा, कारण धावपळीत दोन केबल तरी इकडच्या तिकडे झालेल्या असतात.

याच आठवड्यात कोणीतरी येऊन विचारील की, तो एक सर्व्हर रिकामाच दिसतो आहे, तर नव्या प्रकल्पाला का देऊ नये. त्यांना ५२८० जीबीचा हिशेब पुन्हा दाखवा आणि तेरावा सर्व्हर मागवण्याचा अर्ज सोबत जोडा.